चार आकड्यांचे नाव : कर्जत-खालापूरची खोरी आणि विषारी वायूशी झुंजीचा इतिहास

(दीर्घ धागा)

१/
१३ डिसेंबर २०१८ रोजी रायगड जिल्ह्यातील रसायनी येथे, हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सच्या आवारात वायुगळती झाली. दुसऱ्या दिवसापासून वृत्तपत्रांत आकडे आले, ते माणसांचे नव्हते. ३१ माकडे आणि १४ कबुतरे मृत्युमुखी पडली होती. मृत प्राणी पुरून टाकण्यात आले होते. वन विभागाने ते उकरून तपासणीसाठी बाहेर काढले. काही दिवस चर्चा झाली आणि विषय मागे पडला.

इतिहासाच्या अभ्यासकासाठी मात्र ही घटना दोन प्रश्न ठेवून जाते. सह्याद्रीच्या पायथ्याच्या या हिरव्या खोऱ्यात इतकी जहाल रसायने आली कशी? आणि ती सुटतात तेव्हा सर्वांत आधी पोहोचणाऱ्या अग्निशामकाला नेमके काय ठाऊक असते?

२/
प्राण्याच्या मृत्यूवरून विषारी हवा ओळखणे ही जुनी युक्ती आहे. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनी १८९० च्या दशकात सुचवले की, कोळशाच्या खाणीत उतरताना बचावपथकाने लहान प्राणी किंवा पक्षी सोबत न्यावा. कॅनरी पक्ष्याचा श्वसनवेग मोठा. कार्बन मोनॉक्साइडचा परिणाम त्याच्यावर माणसाच्या आधी होतो. पक्षी पिंजऱ्याच्या दांडीवरून कोसळला की माणसांनी मागे फिरायचे. ब्रिटनच्या खाणींत ही पद्धत १९८६ पर्यंत चालली.

खाणीतला तो पक्षी इशारा देण्यासाठी मुद्दाम नेलेला असे. रसायनीच्या झाडांवरील माकडांना तसे कोणी नेमलेले नव्हते.

३/
आता पहिला प्रश्न. त्याचे उत्तर रसायनशास्त्रात नाही, पाण्यात आहे.

१९१५ साली टाटांचे खोपोली येथील जलविद्युत केंद्र सुरू झाले. घाटमाथ्यावर लोणावळा, वळवण आणि शिरवता येथे साठवलेले पावसाचे पाणी प्रचंड पोलादी नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली, आजच्या खालापूर तालुक्यात उतरवायचे आणि त्यावर निर्माण झालेली वीज मुंबईच्या कापडगिरण्यांना द्यायची, अशी ही योजना होती. वीज मुंबईला गेली. जनित्रे फिरवून बाहेर पडलेले पाणी, म्हणजे अवजल, मात्र येथेच राहिले आणि पाताळगंगेत वाहू लागले. एरवी पावसाळ्यानंतर आटणाऱ्या कोकणी नदीला बारमाही पाणी मिळाले.

४/
पुढे हीच गोष्ट आणखी दोनदा घडली. १९२२ मध्ये कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे केंद्र सुरू झाले आणि आंध्र खोऱ्यातले पाणी उल्हास नदीला मिळाले. १९२७ मध्ये भिऱ्याचे केंद्र सुरू झाले. ज्या मुळशी धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी सत्याग्रह लढवला, त्याच धरणाचे पाणी भिऱ्यातून कुंडलिकेत उतरले.

नकाशावर या तिन्ही नद्यांच्या काठाने बोट फिरवले की चित्र स्पष्ट होते. पाताळगंगेच्या काठी रसायनी-पाताळगंगा, उल्हासच्या खोऱ्यात बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर, कुंडलिकेच्या काठी रोहा-धाटाव. रासायनिक कारखान्याला लागते ते बारमाही पाणी, जवळची वीज आणि मुंबईचे सान्निध्य. कापडगिरण्यांसाठी घाटावरून उतरवलेल्या पाण्याने अर्ध्या शतकानंतर तीन रासायनिक पट्टे पोसले.

५/
१९६० मध्ये भारत सरकारने हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही कंपनी स्थापन केली. रंग, औषधे आणि कीटकनाशके यांना लागणारी मूलभूत सेंद्रिय रसायने देशातच व्हावीत, हा हेतू होता. तिच्या कारखान्याभोवती वाढलेल्या वसाहतीचे नावच ‘रसायनी’ पडले. उद्योगावरून गावाला नाव मिळाल्याचे इतके सरळ उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

तेथील एका उत्पादनाचा संबंध थेट अंतराळाशी आहे. नायट्रोजन टेट्रॉक्साइड हे ‘इस्रो’च्या प्रक्षेपकांतील द्रव इंधन जाळण्यासाठी लागणारे ऑक्सिडीकारक. २०१७ मध्ये केंद्र सरकारने रसायनीचे तोट्यातील विभाग बंद करण्याचा निर्णय घेतला, तेव्हाही हा एक विभाग वगळून ‘इस्रो’कडे सोपवण्याचे ठरले. उपग्रह आकाशात नेणारा हा पदार्थ हवेत सुटला तर लालसर तपकिरी, जीवघेणा धूर होतो.

६/
कारखाना एका जागी असतो. त्याचा माल मात्र फिरतो. खालापूर तालुक्यातूनच बोरघाट चढतो. जुना मुंबई-पुणे रस्ता, लोहमार्ग आणि २००२ मध्ये पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग, हे तिन्ही येथे एकमेकांना खेटून घाट चढतात. कोकणपट्टीवरील बंदरे व कारखाने आणि देशावरील औद्योगिक वसाहती यांमधील टँकरांना हाच मार्ग.

म्हणजे खोपोलीच्या अग्निशमन दलापुढे दोन प्रकारची संकटे उभी असतात. कारखान्यातील साठ्याची किमान यादी तरी असते. घाटात उलटलेल्या टँकरात काय आहे, हे तो उलटेपर्यंत त्या दलाला ठाऊक असण्याचे कारणच नसते.

७/
दुसऱ्या प्रश्नाचा इतिहासही योगायोगाने त्याच १९१५ सालाकडे नेतो. खोपोलीचे जनित्र फिरू लागले त्या वर्षी, २२ एप्रिल रोजी, बेल्जियममधील ईप्र शहराजवळ जर्मन सैन्याने ५,७३० सिलिंडरांतून सुमारे १६८ टन क्लोरीन वाऱ्यावर सोडला. मोठ्या प्रमाणावरील घातक वायुहल्ल्याचा आधुनिक इतिहास येथे सुरू होतो. चारच दिवसांनी हिंदी फौजेची लाहोर डिव्हिजन त्याच रणभूमीवर उतरली आणि वायूला सामोरी गेली. त्या दिवशीच्या शौर्याबद्दल जमादार मीर दस्त यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

८/
ईप्रच्या मैदानावर सैनिकांनी जे अनुभवले, ते आजही अग्निशामकांच्या पहिल्या धड्यात आहे.

क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड. तो जमिनीलगत सरकतो, खंदकात भरतो. खंदकाच्या तळाशी आडवे पडलेले सैनिक अधिक बाधित झाले. कठड्यावर उभे राहिलेल्यांना तुलनेने कमी त्रास झाला. वाऱ्याच्या दिशेने पळालेले लोक वायूच्या ढगाबरोबरच धावत राहिले, धाप लागून अधिक विष ओढत राहिले. ओले फडके तोंडावर धरलेल्यांना थोडा आधार मिळाला.

उंच जागा, वाऱ्याची दिशा आणि ओले कापड. या तीन गोष्टींना कोणतेही यंत्र लागत नाही. त्या आधी ठाऊक असाव्या लागतात.

९/
अग्निशमनाच्या इतिहासातील आपल्याकडचा सर्वांत काळा दिवस १४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्या होत्या आणि सुमारे चौदाशे टन स्फोटकेही. दुपारी चारनंतर दोन महाभयंकर स्फोट झाले. आग विझवणारे ६६ अग्निशामक कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

ही घटना विषारी वायूची नव्हे. तरीही तिच्यातील एक तपशील या विषयाच्या गाभ्याशी आहे. स्फोटके वाहणाऱ्या जहाजाने लाल बावटा उभारावा, असा संकेत होता. ‘फोर्ट स्टिकिन’वर तो बावटा नव्हता. धोका होता, पण धोक्याचे नाव कोठेही फडकत नव्हते.

१०/
नाव न कळण्याची सर्वांत मोठी किंमत भोपाळने मोजली. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री युनियन कार्बाइडच्या टाकीतून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडले. कारखान्यातील कामगारांनी पाण्याचे फवारे उडवले; पण वायू ज्या उंच नळीच्या तोंडातून निघत होता तेथपर्यंत ते पोहोचलेच नाहीत.

शहरातील रुग्णालयांत हजारो माणसे आंधळी होऊन, गुदमरत येत होती आणि डॉक्टरांना त्या वायूचे नाव, त्याचे परिणाम, त्यावरील उपचार यांची पक्की माहिती मिळत नव्हती. रस्त्यांवर लोक धावत होते, अनेक जण वाऱ्याच्याच दिशेने. एकोणसत्तर वर्षांपूर्वीचा ईप्रचा धडा भोपाळच्या वस्त्यांपर्यंत कोणी पोहोचवलेला नव्हता.

११/
भोपाळला वर्ष उलटताच, ४ डिसेंबर १९८५ रोजी, दिल्लीत श्रीराम कंपनीच्या कारखान्यातून ओलियमची गळती झाली. त्या खटल्यातून सर्वोच्च न्यायालयाने ‘निरपवाद दायित्वा’चे तत्त्व मांडले: घातक उद्योग करणाऱ्याने, काळजी घेतली होती असे सांगून जबाबदारीतून सुटायचे नाही.

त्यानंतर कायद्यांची एक मालिकाच आली. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, १९८७ मधील कारखाने कायद्याची दुरुस्ती, घातक रसायनांच्या निर्मिती, साठवण व आयातीचे १९८९ चे नियम आणि रासायनिक अपघातांविषयीचे १९९६ चे नियम. या शेवटच्या नियमांनी केंद्र, राज्य, जिल्हा आणि स्थानिक अशा चार पातळ्यांवर आपत्ती गट नेमण्याची तरतूद केली. स्थानिक पातळीवर कारखाना, प्रशासन, अग्निशमन दल, डॉक्टर आणि नागरिक यांनी संकटापूर्वी एकत्र बसावे, ही त्यामागील कल्पना.

१२/
कायदे होत असताना रायगड जिल्हा स्वतःचा इतिहास लिहीत होता. नोव्हेंबर १९९० मध्ये नागोठण्याच्या पेट्रोरसायन संकुलात वायुगळतीनंतर स्फोट झाला आणि तीसहून अधिक माणसे दगावली. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी महाड औद्योगिक वसाहतीतील औषधनिर्मितीच्या एका कारखान्यात स्फोट व आग झाली. ११ कामगारांचा बळी गेला. तेथे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाला पाचारण करावे लागले.

या दोन्ही घटना एक गोष्ट सांगतात. गळती आणि आग या वेगळ्या पेट्या नाहीत. ज्वलनशील वायू गळला की ठिणगीची वाट पाहतो, आणि रसायनांना आग लागली की त्यातून नवे विषारी वायू जन्मतात.

१३/
आता रस्त्याकडे वळू. १९७० च्या दशकात लंडनच्या अग्निशमन दलापुढे हाच प्रश्न होता: अपघातग्रस्त टँकरात काय आहे, हे जवळ न जाता कसे कळावे? त्यांनी ‘हॅझकेम’ नावाची सांकेतिक पद्धत घडवली. दोन-तीन अक्षरांत अग्निशामकाला पहिल्या काही मिनिटांचे आदेश मिळतात.

भारतात १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी घातक माल वाहणाऱ्या वाहनांवर आपत्कालीन माहितीफलक सक्तीचा केला. पदार्थाचे नाव, संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला चार आकडी क्रमांक, हॅझकेम संकेत आणि संपर्काचा दूरध्वनी त्यावर असतो. चालकाजवळ त्या पदार्थाची माहितीपत्रिका असावी, अशीही अपेक्षा आहे. ‘फोर्ट स्टिकिन’वर न फडकलेला लाल बावटा टँकरवर रंगवला गेला, तो असा.

१४/
क्लोरीनचा क्रमांक १०१७, अमोनियाचा १००५, नायट्रोजन टेट्रॉक्साइडचा १०६७, मिथेनॉलचा १२३०.

क्लोरीनचा हॅझकेम संकेत आहे ‘२ एक्स ई’. यातील ‘२’ म्हणजे पाणी वापरायचे तर बारीक तुषारांच्या रूपात. ‘एक्स’ म्हणजे संपूर्ण अंग झाकणारा रसायनरोधक पोशाख व स्वतंत्र श्वसनसंच घालावा आणि सांडलेला पदार्थ नाल्यात वा नदीत जाऊ न देता अडवावा. ‘ई’ म्हणजे परिसर रिकामा करण्याचा विचार ताबडतोब करावा. एका श्वासात वाचून होणाऱ्या या संकेतामागे सात दशकांचा अनुभव आहे.

१५/
नाव इतके महत्त्वाचे का? कारण उपाय नावानुसार बदलतो, आणि एकासाठीचा उपाय दुसऱ्यासाठी अपाय ठरतो.

अमोनिया पाण्यात झपाट्याने विरघळतो. तुषारांचा पडदा उभा केला की हवेतला बराच वायू खाली बसतो. क्लोरीनच्या गळतीच्या छिद्रावर मात्र पाणी मारणे घातक. पाण्याबरोबर त्याचे आम्ल होते, आम्ल धातू कुरतडते आणि छिद्र रुंदावते. तेथे सिलिंडर फिरवून छिद्र वरच्या बाजूस आणतात, म्हणजे द्रवाऐवजी वायू गळतो. द्रव क्लोरीनचा एक लिटर हवेत सुमारे साडेचारशे लिटर वायू होतो, हे ध्यानात घेतले तर या साध्या कृतीचे मोल कळते.

नायट्रोजन टेट्रॉक्साइडची तऱ्हा आणखी निराळी. बाधित माणूस तासन्‌तास ठणठणीत वाटतो आणि नंतर त्याच्या फुप्फुसांत पाणी भरू लागते. म्हणून ‘मला काही झालेले नाही’ असे म्हणणाऱ्या जवानालाही निरीक्षणाखाली ठेवावे लागते.

१६/
फलक असूनही नाव हरवते. १४ जुलै २०१० रोजी मुंबईत शिवडीच्या हाजी बंदर येथे, बंदराच्या घातक मालाच्या आवारात, क्लोरीनचे सिलिंडर गळू लागले. ती सिलिंडरे वर्षानुवर्षे कोणीही सोडवून न नेलेली, गंजलेली होती. शंभराहून अधिक लोक बाधित झाले. त्यांत अग्निशामक जवानही होते.

क्लोरीन ही दूरची, परकी गोष्ट नाही. पिण्याचे पाणी निर्जंतुक करण्यासाठी जलशुद्धीकरण केंद्रांत तो सर्रास वापरला जातो. सुमारे नऊशे किलो क्लोरीन मावणारी मोठी सिलिंडरे, ज्यांना ‘टोनर’ म्हणतात, अनेक शहरांच्या पाणीपुरवठ्याच्या आवारात उभी असतात. अशा सिलिंडरांची गळती बंद करण्यासाठी झाकण, पट्टा आणि आवळणीचे खास संच मिळतात. लहान सिलिंडरासाठी ‘ए’, टोनरसाठी ‘बी’, टँकरसाठी ‘सी’. चुकीचा संच घेऊन गेलेले पथक रिकाम्या हातांनी परतते.

१७/
पाठीवरच्या श्वसनसंचाचा हिशेबही समजून घेण्याजोगा आहे. सहा लिटरच्या नळकांड्यात तीनशे बार दाबाने सुमारे १,८०० लिटर हवा मावते. कष्टाचे काम करताना मिनिटाला चाळीस लिटर हवा लागते असे धरले तरी कागदावर पंचेचाळीस मिनिटे होतात. त्यातून आत जाण्याचा आणि परतण्याचा वेळ वजा करायचा. दाब ठरावीक पातळीखाली आला की संचाची शिट्टी वाजते. ती ऐकू येण्याआधीच परतीची वाट धरावी, हा नियम.

म्हणूनच आत जोडीने जातात आणि बाहेर एक जण फळ्यावर नाव, वेळ व दाब लिहीत उभा असतो. चित्रपटात हा माणूस कधी दिसत नाही. प्रत्यक्षात जोडीचे प्राण त्याच्या खडूवर अवलंबून असतात.

१८/
पाण्याचा धडा युरोपात ऱ्हाईन नदीने दिला. १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझलजवळ सँडोझ कंपनीच्या गोदामाला आग लागली. अग्निशामकांनी ती विझवली. पण विझवताना वापरलेले पाणी गोदामातील कीटकनाशके घेऊन ऱ्हाईनमध्ये उतरले. नदी लाल झाली आणि खाली दूरवर मासे मेले. तेव्हापासून आग विझवलेले पाणी कोठे जाईल, हाही अग्निशमनाचाच प्रश्न मानला जातो.

पाताळगंगेच्या खोऱ्यात हा प्रश्न टोकदार होतो. जे अवजल कारखान्यांना येथे घेऊन आले, तेच पुढे वस्त्यांच्या नळांनाही जाते. खोपोलीच्या उतारावर मारलेला प्रत्येक फवारा अखेर नदीकडेच वाहतो.

१९/
१३ जून २०२३ रोजी द्रुतगती मार्गावर खंडाळा घाटात, कुणे येथील पुलावर, एक टँकर उलटून पेटला. पेटते द्रव पुलाखालच्या रस्त्यावरही पडले. चार जणांचा मृत्यू झाला. सुरुवातीच्या बातम्यांत तो तेलाचा टँकर होता. नंतर त्यात मिथेनॉल असल्याचे सांगण्यात आले. हा फरक शाब्दिक नाही. मिथेनॉलची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही, आणि तेलाच्या आगीसाठीचा साधा फेस त्यावर टिकत नाही.

घाटातील अशा अपघातांच्या बातम्यांत मदतीला धावलेल्यांची यादी बहुधा सारखीच असते: बोरघाट महामार्ग पोलीस, द्रुतगती मार्गावरचे ‘देवदूत’ पथक, खोपोली नगरपालिकेचे अग्निशमन दल आणि ‘अपघातग्रस्तांच्या मदतीला’ या नावाने काम करणारे खोपोलीचे स्वयंसेवक. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी तुकडी पुण्याजवळ सुदुंबरे येथे आहे. रासायनिक संकटासाठीची तिची सामग्री उत्तम; पण ती घाट उतरून येईपर्यंतची मिनिटे या स्थानिक माणसांची असतात.

२०/
त्या मिनिटांचे शास्त्र आता ठरलेले आहे. वाऱ्याच्या वरच्या अंगाने आणि चढाच्या बाजूने पोहोचायचे. गाडी लांब उभी करायची. दुर्बिणीतून फलक वाचायचा. नाव कळेपर्यंत कोणालाही पुढे जाऊ द्यायचे नाही. मग आतला, मधला आणि बाहेरचा अशी तीन वर्तुळे आखायची. आतून आलेल्या प्रत्येकाला मधल्या वर्तुळात धुऊनच बाहेर सोडायचे.

डोंगराच्या पायथ्याशी वाऱ्याचा हिशेब आणखी अवघड असतो. हिवाळ्याच्या रात्री घाटावरची थंड, जड हवा उतारावरून खोऱ्यात उतरते आणि तळाशी साचून राहते. दुपारी सुरक्षित असलेली बाजू मध्यरात्री धोक्याची ठरते. भोपाळची रात्रही डिसेंबरचीच होती.

२१/
या सर्वांत अग्निशामकाच्या मनाविरुद्ध जाणारी एकच गोष्ट आहे: थांबणे. समोर माणूस कोसळलेला दिसत असताना दोनशे पावलांवर उभे राहून आकडे वाचणे. बाहेरून पाहणाऱ्याला ती कचराई वाटते आणि जमाव ओरडू लागतो. परंतु नाव न विचारता धावलेला पहिला माणूस बहुधा दुसरा बळी ठरतो, आणि त्याला काढायला गेलेला तिसरा. सेप्टिक टाक्या आणि गटारांतील मृत्यूंच्या बातम्यांत ही साखळी पुन्हापुन्हा वाचायला मिळते.

अग्निशमनाच्या परंपरेत शौर्याची कमतरता कधीच नव्हती. १९४४ चे ६६ जवान त्याची साक्ष आहेत. कमतरता राहिली ती शौर्याला वेळेवर माहिती पुरवण्याची.

२२/
शतकभरापूर्वी घाटावरून पाणी खाली आले, पाण्यामागून कारखाने आले, कारखान्यांमागून टँकर. या साखळीची प्रत्येक कडी कोणीतरी मुंबईत किंवा दिल्लीत आखली. तिचे शेवटचे टोक मात्र खोपोली, खालापूर आणि कर्जतच्या माणसांच्या हाती आले आहे.

म्हणून या इतिहासाचा व्यवहारातला निष्कर्ष लहान आहे आणि कोणालाही पेलणारा आहे. घाटात किंवा वसाहतीच्या रस्त्यावर टँकर उलटलेला दिसला तर जवळ जाऊ नये, चित्रफीत काढत थांबू नये, वाऱ्याच्या आडव्या दिशेने दूर आणि उंच जागी जावे. लांबून फलकावरचे चार आकडे वाचता आले, तर ११२ किंवा १०१ वर ठिकाणासोबत तेवढेच सांगावे. अग्निशमन दलाची गाडी निघण्याआधी ते आकडे पोहोचले, तर जवान योग्य पोशाख, योग्य संच आणि योग्य रस्ता निवडून निघतील.

(धागा समाप्त)